वीट रवाना

नांदेडच्या एका मागच्या खोलीत मी आयुष्यातले सगळ्यात मजेचे दिवस काढले, आणि ते सगळेच्या सगळे पाळीचे होते. हे वाचून कुणी म्हणेल, बाई ठीक आहे ना? ठीक नव्हतेच. म्हणून तर ही सगळी गंमत झाली.

आधी लातूरचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. गंजगोलाईजवळ आमचं किराणा-मसाल्याचं दुकान. आम्ही लिंगायत. वडिलांना आम्ही अप्पा म्हणतो. अप्पांचं एक लाडकं वाक्य होतं, आलेल्या पाहुण्याला ते चहाच्या आधी मिळायचं: "आपल्यात विटाळ नाही. आपल्यातली बाई त्या दिवसांत बाजूला बसत नाही. गळ्यात लिंग आहे, तिला कसला आलाय विटाळ?" अगदी खरं बोलायचे ते. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे. फक्त हे वाक्य बोलणाऱ्याचं पोट कधी दुखलेलं नव्हतं. बाजूला बसायचं नाही म्हणजे पहिल्या दिवशीही पहाटे उठायचं, झाडलोट, पूजा, भाकरी, दुकानावरचा डबा, सगळं रोजच्यासारखं. समोरच्या घरातली माझी मैत्रीण महिन्यातले तीन दिवस खिडकीत बसून मासिकं वाचायची. तिच्यापुढं आयतं ताट यायचं. ती म्हणायची, "तुझी मजा आहे बाई, तुला कुठंही हात लावता येतो." आणि मी तव्यासमोर उभी राहून, ओढणीचं टोक दातांत धरून तिच्यावर जळायचे.

माझं दुखणं चारचौघींसारखं नव्हतं. ते कमरेतून निघायचं, ओटीपोटात तळ ठोकायचं आणि मांडीत उतरायचं. उलट्या व्हायच्या. एकदा दहावीच्या वर्गात मी बाकाखाली सरकले, तेव्हा बाई म्हणाल्या, नाटकं नकोत. घरी आई म्हणाली, "सगळ्या बायांचं दुखतं गं. आपण काय लोण्याच्या हाव का?" आणि ओवा-शेपाचा काढा पुढं केला. दुकान घरचंच. ओवा, शेपा, सुंठ, मेथी, दालचिनी, जे काय बरणीत असेल ते माझ्या पोटात. अर्धं दुकान मी असंच प्यायले.

मग नांदेडला एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक म्हणून लागले. राहायला एका काका-काकूंकडे, जेवणखाण त्यांच्यातच. काका रेल्वेत मालगाडीवर गार्ड होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण हात अजून झेंडीसाठी शिवशिवायचे. काकूंनी पहिल्याच दिवशी अटी सांगितल्या. "जेवण घरचं. फाटक नऊला बंद. आणि कावळा शिवला की तीन दिवस मागच्या खोलीत बसायचं, स्वयंपाकघरात यायचं नाही. बाहेर कॉलेजला जा, काही हरकत नाही, पण माझ्या देवाला चालत नाही." माझ्या डोक्यात तिडीक गेली. कोणत्या जमान्यात राहतात ही माणसं! अप्पांचं वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. पण खोली कॉलेजच्या जवळ होती आणि काकूंच्या वरणाचा वास फारच चांगला येत होता. गिळलं वाक्य.

महिना भरला. एका दुपारी मी कॉलेजातून भिंत धरत धरत आले आणि फाटकाशीच बसले. काकू ओसरीवरून म्हणाल्या, "कावळा शिवला काय गं?" आता सांगायचं होतं, ठणकावून सांगायचं होतं, की काकू, आमच्यात नसतं हे. तेवढ्यात अशी कळ आली की तोंडातून निघालं, "हो काकू."

"मग जा. आडवी हो."

आडवी हो! तेवीस वर्षांत हे दोन शब्द मला कुणीही म्हटले नव्हते. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मागच्या खोलीत कापसाची गादी, धुतलेली चादर, खिडकीबाहेर पेरूचं झाड. आणि थोड्या वेळानं गरम वीट आली.

ती कशी आली ते सांगितलंच पाहिजे. काकू दोन विटा गॅसवर आळीपाळीनं तापवायच्या आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळायच्या. पण मला शिवायचं नाही म्हणजे हातात देता येत नाही. स्वयंपाकघरापासून माझ्या उंबऱ्यापर्यंत शहाबादी फरशीची गुळगुळीत वाट होती. काकू बसकण मारून झाडूच्या दांड्यानं वीट ढकलायच्या, आणि काका खुर्चीतून, रेल्वेतल्या त्या जुन्या आवाजात, ओरडायचे, "वीट रवाना!" वीट घसरत यायची. मी पायानं अडवायची आणि पडल्या पडल्या ओरडायची, "वीट पोचली!" मग ताट रवाना. ताक रवाना. एकदा पापड रवाना झाला तो वाटेतच फुटला, तर काकांनी "अपघात!" म्हणून सगळी वाहतूक थांबवली. हसून हसून माझं पोट दुखायचं. आधीच दुखत असलेल्या पोटाला हसल्यानं दुखणं म्हणजे काय असतं ते ज्याचं त्यालाच माहीत. पण हसायला यायचंच.

विटाळ-बिटाळ मला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. दांड्यानं ताट ढकलणं ही काय माणसाला जेवू घालायची रीत झाली? पण खोटं कशाला बोलू, महिनाभर मी त्या तीन दिवसांची वाट बघायची. पहिल्या दिवशी रजा टाकायची, पाय भिंतीला वर लावायचे, पोटावर वीट घ्यायची आणि पेरूवरच्या खारी बघत पडायचं. दुखायचं. पण दुखत असताना भाकरी थापायची नसली की दुखणं निम्मं होतं, हे मला तिथं कळलं.

काकूंच्याच लक्षात आलं की हे साधं नाही. "मी पण जन्मभर बसले," त्या उंबऱ्यापलीकडून म्हणाल्या, "पण असं पांढरंफटक पडलेलं कुणी पाहिलं नाही बाई. हे कावळ्याचं काम नाही, डॉक्टरचं आहे." आणि त्याच मला रिक्षात घालून घेऊन गेल्या. मध्ये आपली पर्स ठेवली, शिवायला नको म्हणून. डॉक्टरबाईंनी सगळं विचारलं, सोनोग्राफी झाली, पुढं दुर्बिणीतून तपासणी झाली, आणि नाव निघालं: एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, तसलंच काहीतरी बाहेर वाढतं, अंडाशयावर, आतड्यावर, आणि दर महिन्याला सुजतं. मी इतकी खूश झाले की डॉक्टरबाई बघतच राहिल्या. "अहो, आजार आहे हा," त्या म्हणाल्या. "हो ना!" मी म्हटलं, "खरंच आहे!" बाकाखाली सरकलेली ती दहावीतली मी, तिला जाऊन सांगावंसं वाटलं की पोरी, नाटकं नव्हती ती.

त्यांनी रोजची गोळी लिहून दिली आणि वर सांगितलं, शेक घ्या, रोज चाला, पुरेसं झोपा, पोटानं सावकाश श्वास घ्यायला शिका. जवस, हळद, काय खायचं ते खा, पण यानं आजार जात नाही, दुखणं आटोक्यात राहायला मदत होते एवढंच. गोळी मनानं बंद करायची नाही, आणि दुखणं वाढलं तर काढे पीत बसायचं नाही, इकडं यायचं. मी विचारलं, "वीट चालेल?" त्या हसल्या. "चालेल. कातडी भाजून घेऊ नका फक्त."

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "डॉक्टरनं नाव ठेवलं म्हणून काय झालं? लग्न झालं की आपोआप जातंय ते. लईच दुखत असंल तर सोड नोकरी आणि ये घरी." घरी म्हणजे तवा. घरी म्हणजे 'आपल्यात नाही'. मी म्हटलं, "छे, एवढं काही दुखत नाही." तेव्हापासून माझी दोन्हीकडून कोंडी झाली. मी बाजूला बसते हे आईला कळलं तर ती मला लातूरला उचलून नेणार. आमच्यात बाजूला बसत नाहीत हे काकूंना कळलं तर माझी गादी जाणार. त्या तीन दिवसांसाठी मी दोन घरांशी खोटं बोलत होते, आणि दोन्हीकडं मला लेकीसारखं वागवत होते. रात्रंदिवस मला त्याचीच धाकधूक.

आई फोनवर थांबणारी नव्हती. तिनं एसटीच्या कंडक्टरकडं पार्सलं धाडायला सुरुवात केली. जवसाची चटणी आली, तिनं दुखणं किती कमी झालं ते सांगता यायचं नाही, पण काकांनी निम्मी संपवली. एरंडेल आलं, ते पोटाला चोळून वर वीट घ्यायची. त्यानं खरंच बरं वाटायचं, चादरीची वाट लागली ती लागली. पहाटे मी गोदावरीच्या घाटावर चालायला जायची, तेही मानवलं. आणि एका पार्सलात खडा हिंग आला. औशाच्या मावशीचा खात्रीचा उपाय: कोमट पाण्यात उगाळून बेंबीभोवती लेप द्यायचा, वर कापड बांधायचं.

मी पाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लेप लावला, घट्ट बांधला आणि गेले कॉलेजला. बारावीचं प्रॅक्टिकल होतं, ज्यात सडक्या अंड्यासारख्या वासाचा एक गॅस वापरतात. गर्दी, उकाडा, आणि माझ्या पोटावरचा हिंग लागला तापायला. सरांनी दोनदा नाक वर केलं आणि ओरडले, "गळती आहे! सगळे बाहेर!" पोरं आनंदानं किंचाळत मैदानात पळाली. आणि सर मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही जरा गळती शोधा." मी काय शोधणार, मीच गळती! तरी चेहरा गंभीर करून सगळे नळ तपासले, मग बाथरूममध्ये जाऊन लेप धुऊन आले आणि सांगितलं, "सापडली सर, बंद केली." सरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. पोट जसं दुखत होतं तसंच दुखत राहिलं. संध्याकाळी हे काका-काकूंना उंबऱ्याआडून सांगितलं, तर काकू हसता हसता माझ्या खोलीत शिरायच्याच राहिल्या.

आणि मग आई आली.

न सांगता आली. कंडक्टरकडं देण्यासारखं नव्हतं एवढं मोठं पार्सल झालं म्हणून स्वतःच घेऊन, सकाळच्या पहिल्या गाडीनं, अहमदपूर, लोहा करत. माझा पहिला दिवस होता. मी गादीवर, पाय भिंतीला, पोटावर वीट. काकू बसकण मारून दांड्यानं ताट ढकलत होत्या. काका म्हणाले, "ताट रवाना!" आणि दारात पिशवी आपटल्याचा आवाज झाला.

"काय करून राहिलाव हे?" आईचा आवाज. "माझी लेक काय कुत्रं हाय का, दांड्यानं ताट ढकलाय?"

"अहो बाई, कावळा शिवलाय तिला," काकू म्हणाल्या.

"कावळा? आमच्या सात पिढ्यांत कुणाला कावळा शिवला न्हाई!" असं म्हणत आई तरातरा ती फरशी ओलांडून आत आली, वीट बाजूला केली आणि मला छातीशी धरलं. माझ्या मनात एकच: संपलं. गादी गेली, नोकरी गेली, निघालो लातूरला.

पण काकूंनी कपाळावर हात मारला. "शिवलात! आता तुम्ही पण."

"मी पण काय?"

"मागं न्हाणी आहे. डोक्यावरून पाणी घ्या आणि मोकळ्या व्हा. तशा माझ्या देवघरासमोरून जायचं नाही."

"मी सकाळी आंघोळ करून, लिंगपूजा करून निघाले. आता पुन्हा आंघोळ केली म्हणजे तुमचा विटाळ मी मानला. मरंन, पण करणार न्हाई."

"मग बसा तिथंच!"

"बसते!"

आणि माझी आई बसली. विटाळ मानायचा नाही म्हणून विटाळशीच्या खोलीत बसली. मला हसू फुटत होतं आणि भीतीही वाटत होती. मग काका घसा खाकरून, जरा दबकतच म्हणाले, "दुसरं ताट... रवाना."

आई जेवली नाही आधी. माझ्यावर फिरली. "खोटं बोललीस. तिकडं आम्हाला, हिकडं ह्यांला. लाज न्हाई वाटली?"

"वाटली," मी म्हटलं. आणि मग इतक्या वर्षांचं एकदम बाहेर आलं. "विटाळ मला पण पटत नाही आई. पण मला आडवं व्हायचं होतं. आपल्या घरात आडवं व्हायला ताप यावा लागतो, आणि तोही थर्मामीटरवर दिसावा लागतो. इथं मला कुणी विचारत नाही किती दुखतंय. नुसतं म्हणतात, आडवी हो. मला यायचं नाही लातूरला."

आईनं माझे कपडे घडी केले. घडी केलेले उलगडून पुन्हा केले. खिडकीचे गज पुसले. मग उंबऱ्याशी जाऊन म्हणाली, "अहो, काही निवडाय-टिपाय हाय का? द्या हिकडं." काकू आतून म्हणाल्या, "चालत नाही." आई परत आली. तिचे हात मांडीवर नुसते उघडे पडले होते. काम नसलेले आईचे हात मी पहिल्यांदा पाहिले. शेवटी ती हळूच माझ्या शेजारी टेकली, मग कलंडली, आणि छताकडं बघत राहिली. भर दुपारी, धडधाकट, आडवी.

मी माझी वीट तिच्या पोटावर ठेवली. गंमत म्हणूनच. तिची पाळी जाऊन चार वर्षं झाली होती. तिनं माझा हात धरून वीट जरा खाली सरकवली. "हितं," ती म्हणाली. "हितं दुखायचं माझं. मांडीपर्यंत."

मी उठून बसले. "कधी बोलली नाहीस."

"कुणाला बोलू? आपल्यात बसायचंच न्हाई, मग दुखतंय म्हणून सांगून करायचं काय? माझ्या सासूनं मला सांगितलं सगळ्या बायांचं दुखतं, मी तुला सांगितलं." तिनं विटेवर तळवा टेकला. "हे एवढं बरं वाटतंय होय गं, विटेनं?"

मला तिचा भयंकर राग आला आणि तेवढीच भयंकर माया आली, आणि मी भोकाड पसरलं. तीही रडायला लागली. आमचे आवाज ऐकून काकांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी घाईघाईनं पुकारलं, "दुसरी वीट रवाना!" वीट घसरत आली, आणि आईनं डोळे पुसता पुसता पाय लांब करून ती अशी अडवली की जणू जन्मभर हेच करत आली होती. "म्हण, पोचली," मी म्हटलं. "पोचली!" आई ओरडली आणि आम्ही दोघी गादीवर लोळून हसलो.

संध्याकाळी काकूंनीच उंबऱ्यावर चहा ठेवला आणि आईला म्हणाल्या, "तुमच्यात पाळत नाहीत हे मला ठाऊक आहे हो. माझं माहेर उदगीरचं, शेजारीपाजारी सगळे लिंगायत."

मी उडालेच. "मग मला काही बोलला नाहीत?"

"तुला बसायचं होतं. मी कशाला नको म्हणू?"

आई दुसऱ्या दिवशी परत गेली. मला न घेता. जाताना अंगणातून वळून एवढंच म्हणाली, "गोळी चुकवू नको." लग्नाचं नाव काढलं नाही.

दिवाळीला मी घरी गेले तेव्हा दुपारची वेळ होती. अप्पा स्वयंपाकघरात, कोपरापर्यंत पीठ. मला बघून कुजबुजले, "तुझ्या आईला कावळा शिवलाय म्हणे. महिन्यातनं तीन दिवस आडवी होती. पण आपल्यात कधीपासून? आणि ह्या वयात?" बिचारे पूर्ण गोंधळले होते. मी म्हटलं, "अप्पा, भाकरी करपतीय."

मधल्या खोलीत, ऐन रस्त्यात, जाणाऱ्या-येणाऱ्याला वळसा घालून जावं लागेल अशी गादी टाकून आई पडली होती. कंबर दुखत होती तिची, किंवा नव्हतीही. मी विचारलं नाही. गॅसवर वीट तापवली, फडक्यात गुंडाळली, उंबऱ्याशी बसले आणि नांदेडच्या सवयीनं पुकारलं, "वीट रवाना!" ढकलायला झाडूचा दांडा लावला.

आईनं मान वळवली. हसत नव्हती.

"ढकलू नको," ती म्हणाली. "हातात दे."